विश्लेषण : पीएचडीनंतरची लांबलेली उमेदवारी… अमेरिका जैववैद्यकीय संशोधकांचे प्रशिक्षण कसे बदलते आहे?

नवी लस असो की कर्करोगावरचे औषध, त्यामागचे मूलभूत संशोधन बहुतांशी विद्यापीठांतील प्रयोगशाळांत होते. अमेरिकेत या प्रयोगशाळांतील रोजचे काम प्रामुख्याने पीएचडीचे विद्यार्थी आणि ‘पोस्टडॉक’ करतात. कागदोपत्री ते प्रशिक्षणार्थी असतात. मात्र हे प्रशिक्षण नेमके कशासाठी, किती वर्षांचे आणि किती पगारावर, हा वाद तिथे अनेक वर्षे सुरू आहे. भारतातून दरवर्षी असंख्य विद्यार्थी याच व्यवस्थेत दाखल होतात, म्हणून तो आपल्यालाही समजून घ्यायला हवा.

पोस्टडॉक म्हणजे नेमके कोण?

पीएचडी मिळाल्यानंतर एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीसाठी काम करणारा संशोधक म्हणजे पोस्टडॉक. स्वतंत्र प्रयोगशाळा उभारण्याआधीची ही उमेदवारी. जैववैद्यकीय शाखांत पीएचडीला साधारण साडेपाच ते सहा वर्षे लागतात. त्यानंतर पोस्टडॉकची चार-पाच वर्षे, कधी त्याहून जास्त. त्यामुळे स्वतःच्या नावावर पहिले मोठे संशोधन अनुदान मिळेपर्यंत संशोधकाने सरासरी चाळिशी ओलांडलेली असते.

ही कोंडी कशी झाली?

अमेरिकेत या क्षेत्राला सर्वाधिक सरकारी पैसा राष्ट्रीय आरोग्य संस्था म्हणजेच ‘एनआयएच’ देते. १९९८ ते २००३ या काळात तिचा अर्थसंकल्प सुमारे १३.६ अब्ज डॉलरवरून २७ अब्ज डॉलरवर गेला. विद्यापीठांनी नव्या इमारती बांधल्या आणि पीएचडीच्या जागा वाढवल्या. नंतर निधीची वाढ थांबली, पण विद्यार्थ्यांचा ओघ थांबला नाही.

मुळात गणितच विषम आहे. समजा, एका प्राध्यापकाने कारकीर्दीत दहा जणांना पीएचडी दिली. प्राध्यापकांच्या एकूण जागा वाढल्या नाहीत, तर त्या दहांपैकी एकालाच त्याची जागा मिळू शकते. एनआयएचच्या एका समितीने २०१२ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार, कायम किंवा कायम होऊ शकणाऱ्या प्राध्यापकपदांवर असलेल्या जैववैद्यकीय पीएचडीधारकांचे प्रमाण १९९३ मध्ये सुमारे ३४ टक्के होते. ते २६ टक्क्यांवर घसरले होते. उरलेले उद्योग, शासन, अध्यापन, पेटंट किंवा विज्ञानलेखनाकडे वळतात. प्रशिक्षण मात्र सगळ्यांना प्राध्यापक व्हायचे आहे असे गृहीत धरूनच दिले जात होते.

विद्यार्थी की कामगार?

दुखणे पैशाच्या वाटेत आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्याला दोन मार्गांनी पैसे मिळू शकतात. एक, विद्यापीठाला मिळालेले प्रशिक्षण अनुदान किंवा त्याची स्वतःची फेलोशिप. दुसरा, प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पाचे अनुदान. पहिल्या प्रकारात प्रशिक्षणाचा दर्जा तपासला जातो. दुसऱ्यात तपासले जाते ते प्रकल्पाचे काम. बहुतेकांचा खर्च दुसऱ्या मार्गाने भागतो. साहजिकच ‘याने वेळेत पदवी घेऊन बाहेर पडावे’ यापेक्षा ‘हाताशी आलेला माणूस आणखी वर्षभर राहावा’ यात प्राध्यापकाचा फायदा असतो. मार्गदर्शक, पगार देणारा आणि शिफारसपत्र लिहिणारा एकच असल्याने तक्रार करणे अवघड होते.

सुधारणांची सुरुवात कुठून झाली?

२०१२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या तत्कालीन अध्यक्ष शर्ली टिलघमन सहअध्यक्ष असलेल्या एनआयएचच्या समितीने अहवाल दिला. अधिकाधिक विद्यार्थ्यांना प्रशिक्षण अनुदानातून पैसे द्यावेत, पीएचडीचा कालावधी आटोक्यात आणावा, पोस्टडॉकचे वेतन वाढवावे, प्रयोगशाळांत कायमस्वरूपी शास्त्रज्ञ नेमावेत आणि पदवीनंतर विद्यार्थी कुठे गेले याची नोंद ठेवावी, अशा शिफारशी त्यात होत्या. २०१४ मध्ये टिलघमन यांच्यासह ब्रूस अल्बर्ट्स, मार्क किर्शनर आणि नोबेल विजेते हॅरॉल्ड व्हार्मस यांनी एका लेखात ही व्यवस्था मुळातूनच टिकाऊ नसल्याचे मांडले आणि वाद ऐरणीवर आला.

त्यातून काही ठोस बदल झाले. २०१३ पासून ‘बेस्ट’ या कार्यक्रमाखाली १७ संस्थांना विद्यापीठाबाहेरच्या करिअरची ओळख करून देण्यासाठी निधी मिळाला. दरवर्षी मार्गदर्शकासोबत बसून वैयक्तिक विकास आराखडा तयार करण्याची पद्धत रुजू लागली. २०१७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स, ड्यूक यांसारख्या विद्यापीठांनी एकत्र येऊन प्रवेश, पदवीला लागणारा वेळ आणि पुढील नोकऱ्या यांची माहिती जाहीर करायचे ठरवले. प्रवेश घेण्याआधी ही आकडेवारी पाहता येणे, हा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मोठाच फायदा.

वेतनाचा प्रश्न कसा पेटला?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८ हजार कर्मचारी संपावर गेले. त्यात पोस्टडॉक आणि पदव्युत्तर विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. घरभाड्यातच पगार संपतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. त्याच सुमारास पोस्टडॉक व्हायला माणसे मिळत नाहीत, अशी ओरड प्राध्यापकही करू लागले, कारण औषध व जैवतंत्रज्ञान कंपन्या पीएचडीनंतर लगेच कितीतरी जास्त पगार देत होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये एनआयएचच्या नव्या कार्यगटाने किमान ७० हजार डॉलर वार्षिक वेतन आणि पोस्टडॉकला पाच वर्षांची मर्यादा सुचवली. २०२४ मध्ये एनआयएचने आपल्या फेलोशिपचे सुरुवातीचे वेतन ५६,४८४ वरून ६१,००८ डॉलर केले.

मग अडते कुठे?

प्रयोगशाळांना मिळणाऱ्या नेहमीच्या अनुदानात साध्या पद्धतीने मागता येणारी थेट खर्चाची मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे आणि ती १९९९ पासून बदललेली नाही. एका पोस्टडॉकचे ६१ हजार डॉलर म्हणजे त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. ७० हजार झाले तर २८ टक्के, विमा वगैरे खर्च वेगळाच. अनुदान तेवढेच राहून पगार वाढला, तर जागा कमी होणार हे उघड आहे. काहींच्या मते तेच व्हायला हवे: माणसे कमी, पण नीट पगार आणि नीट प्रशिक्षण. पाच वर्षांच्या मर्यादेलाही दुसरी बाजू आहे. प्रयोगशाळांत कायम शास्त्रज्ञांची पदे निर्माण झाली नाहीत, तर मर्यादा संपलेला अनुभवी माणूस थेट बाहेर फेकला जाईल. मूल झाल्यामुळे किंवा प्रयोग फसल्यामुळे मागे पडलेल्यांना याचा फटका आधी बसेल.

भारतीय संशोधकांसाठी वेगळे काय?

एनआयएचची मुख्य प्रशिक्षण अनुदाने आणि फेलोशिप अमेरिकी नागरिक व कायम रहिवाशांसाठीच असतात. पुण्या-मुंबईहून गेलेल्या विद्यार्थ्याचा पगार त्यामुळे बहुधा प्राध्यापकाच्या प्रकल्पातून किंवा विद्यापीठाकडून येतो आणि पोस्टडॉकचा व्हिसाही नोकरीशी बांधलेला असतो. म्हणजे ज्या अवलंबित्वावर एवढी टीका झाली, ते त्याच्या वाट्याला अधिक येते. अपवाद ‘के ९९’ अनुदानाचा. पोस्टडॉकच्या शेवटच्या टप्प्यात दोन वर्षांपर्यंत आणि प्राध्यापक झाल्यावर तीन वर्षांपर्यंत पैसे देणाऱ्या या योजनेत परदेशी नागरिकांनाही अर्ज करता येतो.

भारतातील प्रश्न याच जातकुळीचे आहेत. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिप दरमहा ३७ हजार आणि वरिष्ठ ४२ हजार रुपये झाली, पण ती वेळेवर मिळत नाही ही जुनी तक्रार कायम आहे. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिपसारख्या योजना आहेत. प्राध्यापकपदाशिवायच्या वाटांसाठी पीएचडीच्या काळातच तयारी करून घेण्याची पद्धत मात्र आपल्याकडे अजून रुळलेली नाही.

पुढे काय?

२०२५ मध्ये अमेरिकेत संशोधन निधीला कात्री लागल्यावर अनेक विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश घटवले. मॅसॅच्युसेट्सच्या चॅन वैद्यकीय विद्यालयाने तर देऊ केलेले प्रवेश मागे घेतले. प्रवेश कमी व्हावेत असे सुधारणावाद्यांनाही वाटत होते, पण ते टप्प्याटप्प्याने आणि प्रत्येक विद्यार्थ्यावर अधिक खर्च करून. अचानक झालेल्या कपातीत जागा तेवढ्या जातात, प्रशिक्षण सुधारत नाही. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी म्हणूनच विद्यापीठाच्या नावाइतकेच तीन प्रश्न विचारावेत: पगार कोणत्या निधीतून येणार, त्या प्रयोगशाळेत पदवीला सरासरी किती वर्षे लागतात आणि आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत?