'चार्ज' म्हणजे नेमकं काय?

"आम्हाला इंग्रजी येत नाही" म्हणणारं घरही दिवसातून चार वेळा 'चार्ज' म्हणतं. मोबाइल चार्जला लावा, नव्या गुरुजींनी शाळेचा चार्ज घेतला, मोर्चावर लाठीचार्ज झाला, पोलिसांनी चार्जशीट दाखल केलं. विजेच्या बिलातला 'स्थिर आकार' तोही चार्जच!

या सगळ्यांचं मूळ बैलगाडीसारख्या गाडीत आहे. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरणं, ओझं लादणं असा शब्द झाला आणि फ्रेंचांकडून इंग्रजीत आला. आपणही 'पदभार' म्हणतो, म्हणजे तिथंही भार आलाच.

पण एक अर्थ जपून वाचा. 'प्रोसेसिंग चार्ज' म्हणजे नुसती फी. मात्र कर्जाच्या कागदात तुमच्या गट नंबरापुढे 'चार्ज' दिसला, तर तो जमिनीवरचा बोजा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, शंभराव्या कलमात, तो सांगितला आहे. सातबाऱ्यावर तो 'इतर हक्क' या रकान्यात चढतो. कर्ज फिटलं की तो आपोआप उतरेल, या भरवशावर राहू नका. बँकेकडून बेबाकी दाखला घ्या, तलाठी कार्यालयात अर्ज द्या आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून तो रकाना स्वतः वाचा. डोळे अधू असतील तर शाळेतल्या नातीकडून वाचून घ्या.