दिवा वाढतो, शिल्लक घटते

आमच्या अचलपुरात सांजेला दुकानदार दुकान ‘बंद’ करीत नाही, ‘वाढवतो’. दिवाही विझवायचा नसतो, वाढवायचा असतो. बांगडी फुटली तरी ‘वाढली’. माझी दादी उर्दू बोलायची. तिच्याही तोंडी ‘चिराग बढा दो’च असे, आणि डब्यातले पीठ संपले की म्हणे, “बरकत है!” घटले म्हणायला जीभ धजत नाही, ती दोन्ही भाषांत.

म्हणायचेच झाले, तर मराठी प्रत्येक घटीला निराळे क्रियापद देते. पूर ओसरतो, विहीर आटते, ताप उतरतो, साबण झिजतो. स्पॅनिश भाषेतही कृष्णपक्षातला चंद्र सहसा ‘मेंग्वान्ते’ असतो. गणितातली घटती राशी मात्र ‘डेक्रेसिएन्ते’. कवीला ही चंगळ बरी. गणित एकच विचारते : पुढचे पद मागच्याहून लहान आहे का? २०, १७, १४, ११... प्रत्येक वेळी ३ कमी, म्हणून ही घटती अंकगणिती श्रेढी.

ही श्रेढी दहावीनंतर कुठे भेटते? शेजारचा मुलगा शिलाई मशीनसाठी १२,००० रुपये कर्ज काढणार होता. म्हणाला, “चाचा, दोन्हीकडे व्याज बारा टक्केच आहे. कुठून घेऊ?” एका कागदावर व्याज मूळ रकमेवर, दुसऱ्यावर ‘घटत्या शिलकीवर’.

आम्ही मांडून पाहिले. पहिल्या ठिकाणी वर्षाचे व्याज सरळ १,४४०. दुसरीकडे दरमहा १,००० मुद्दल फिटणार, म्हणजे पहिल्या महिन्याचे व्याज १२०, मग ११०, मग १००, शेवटी १०. पहिले आणि शेवटचे पद मिळवा, १३०, त्याची निमपट ६५, गुणिले १२. झाले ७८०. हप्ता दरमहा सारखाच ठेवला तर व्याज ७९४ च्या आसपास जाते, कारण सुरुवातीला मुद्दल जरा सावकाश फिटते.

पोरगा कागदाकडे बघत राहिला. “म्हणजे या एका शब्दाचे ६६० रुपये?”

तेवढेच. फेडून टाकलेल्या पैशावरही व्याज चालू राहते, म्हणून पहिल्या कागदावरचे बारा टक्के घटत्या शिलकीच्या हिशेबाने साडेएकवीसच्या घरात जातात. त्या कागदावर तसे कुठे लिहिलेले नव्हते. तेव्हा सहीआधी तोंडाने विचारावे, “व्याज मूळ रकमेवर, की घटत्या शिलकीवर?” इथे ‘वाढवले’ म्हणून भागत नाही.