मूल उशिरां चालतें तेव्हां

मूल वेळेवर बसलें नाहीं कीं घरांतील वडील मंडळी धीर देतात, "याचा बापहि उशिरांच चालला होता." पुष्कळदां हा धीर खराहि ठरतो. परंतु कांहीं मुलांच्या बाबतींत तो फार महाग पडतो. कारण उपचारास सर्वांत अनुकूल असे महिने वाट पाहण्यांतच निघून जातात.

मग वाट कोठवर पाहावी? जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं भारतासह पांच देशांतील निरोगी मुलांच्या निरीक्षणावरून कांहीं मर्यादा प्रसिद्ध केल्या. त्यांप्रमाणें दहावा महिना लागेपर्यंत जवळजवळ सर्व मुलें आधाराशिवाय बसतात आणि १८ महिन्यांच्या आंत स्वतंत्रपणें चालतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचें वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावें. चार महिन्यांनंतरहि मान न धरणें, मुठी सदैव आवळलेल्या असणें, उचलतांच पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येणें, वर्षाच्या आंतच एकच हात वापरणें, या खुणा दिसल्यास मुळींच थांबूं नये.

अशा खुणांमागें कधीं कधीं सेरेब्रल पाल्सी हा विकार असतो. वाढत्या मेंदूस झालेली इजा त्याच्या मुळाशीं असते. ती इजा स्वतः वाढत नाहीं. पण हाडें वाढतात आणि ताठर स्नायू त्यांच्या बरोबरीनें लांबत नाहींत. त्यामुळें सांधे आखडतात. खुब्याचा सांधा निखळण्याचेंहि भय असतें.

अशा वेळीं घरोघर मालीश सुरू होतें. मालिशानें बाळास आराम वाटेल, पण हालचाल येणार नाहीं. फिजिओथेरपीचा गाभा असा, कीं हालचाल मुलानें स्वतः करावी. तें जागें असतांना छातीखालीं टॉवेलची गुंडाळी देऊन त्यास पालथें ठेवावें आणि डोळ्यांसमोर खेळणें धरावें. तें पाहण्यासाठीं मूल आपण होऊन मान उचलूं लागतें. पाय एकमेकांवर येणाऱ्या मुलास दोन्ही पाय फांकवून कडेवर घेणें, हाहि उपचारच आहे. कोणत्या मुलास काय योग्य, हें मात्र तज्ज्ञानें ठरवावें.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत असा तज्ज्ञ बहुधा नसतो. तरीहि उपचाराचा आरंभ तेथूनच होऊं शकतो. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत आरोग्य पथकें अंगणवाड्यांतून मुलें तपासतात आणि शंका आल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. तेथील फिजिओथेरपिस्टच्या हातीं मूल अर्धा तास असतें. आईच्या हातीं दिवसभर. म्हणून तेथें शिकलेले व्यायाम घरीं चालू राहतात कीं नाहीं, हें गांवांतील परिचारिकेनें व आशा कार्यकर्तीनें पाहत राहणें, यावरच पुष्कळसें यश अवलंबून आहे.

या उपचारानें विकार नाहींसा होत नाहीं, हें खरें. परंतु ताठ बसतां येणारें मूल आपल्या हातानें जेवूं शकतें, शाळेंत फळ्याकडे पाहूं शकतें. आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईचें मूल वेळेवर बसत नसेल, तर तिला धीर अवश्य द्यावा. पण त्याबरोबर आरोग्य केंद्राचा रस्ताहि दाखवावा.