संगणकाची किल्ली हरवली तर?

दुकानाचा हिशेब, मालाचा साठा, कारागिराचे नमुने आज संगणकात असतात. परवान्याचा खर्च वाचावा म्हणून काही व्यापारी बांधव उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली वापरतात. तिच्यात काम अडते ते बहुधा एका ओळीवर : ‘पर्मिशन डिनाइड’, म्हणजे परवानगी नाकारली.

लिनक्समध्ये सर्वाधिकार ‘रूट’ या खात्याकडे असतात. उबुंटूत हे खाते मुळातच कुलूपबंद असते. ज्याचे नाव ‘सुडो’ गटात आहे, तो आज्ञेच्या आधी सुडो लिहून, स्वतःचा पासवर्ड देऊन तेवढ्यापुरता अधिकार घेतो.

फाइलीत बदल करता येत नसेल तर प्रथम ‘एलएस -एल’ ही आज्ञा द्यावी. फाइलीचा मालक कोण आणि वाचण्या-लिहिण्याचा हक्क कोणाला, हे दिसते. सुडो लावून तयार केलेली फाइल रूटच्या नावावर जाते. मग मुनीमजींना ती बदलता येत नाही. ‘सुडो चओन’ या आज्ञेने मालकी त्यांच्या नावावर करावी. घाईघाईने ‘चमॉड ७७७’ देऊ नये. त्याने संगणकावरील प्रत्येक खात्याला ती फाइल खुली होते. असे करणे म्हणजे गल्ला उघडा टाकून घरी जाणे होय.

सुडोच चालेनासे झाले तर? एखाद्याला नव्या गटात घालताना ‘युजरमॉड’ आज्ञेत मोठ्या ‘जी’ अक्षराआधीचा लहान ‘ए’ राहिला, की त्याचे जुने गट सुटतात. त्यात सुडोही जातो. अशा वेळी संगणक पुन्हा सुरू करावा. सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबची यादी आणावी. ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून रिकव्हरी मोड व तेथे ‘रूट’ निवडावे. ‘माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /’ लिहून डिस्क लिहिण्यायोग्य करावी. मग ‘युजरमॉड -एजी सुडो’ आणि पुढे खात्याचे नाव लिहावे. येथे ‘ए’ लहान, ‘जी’ मोठा. शेवटी संगणक पुन्हा सुरू करावा.

मात्र हा मार्ग संगणकासमोर बसणाऱ्या परक्यालाही मोकळा असतो. म्हणून प्रणाली बसवतानाच डिस्क सांकेतिक कुलपाने बंद करावी. नोकरांना स्वतंत्र खाती द्यावीत. सुडोचा अधिकार मालक आणि एक भरवशाचा माणूस, एवढ्यांकडेच ठेवावा. एक अडकला तर दुसरा कुलूप उघडू शकेल आणि धंदा थांबणार नाही.