मथळ्यातला चोरदरवाजा

तंत्रज्ञानाच्या बातम्या एका पानावर आणि त्यांच्या दुरुस्त्या समोरच्या पानावर उतरवून ठेवण्याची मला सवय आहे. समोरचे पान बहुधा कोरेच राहते. ते भरले अशी एक नोंद सांगण्याजोगी आहे.

१३ जानेवारी २०१७ रोजी ब्रिटनच्या 'गार्डियन'ने व्हॉट्सॲपमध्ये 'चोरदरवाजा' असल्याचे वृत्त दिले. चोरदरवाजा म्हणजे कोणाला तरी गुपचूप शिरता यावे म्हणून मुद्दाम ठेवलेली वाट. प्रत्यक्षात काय होते? व्हॉट्सॲपवरचा निरोप ज्याला पाठवला, त्याच्या फोनमधल्या किल्लीनेच उघडतो. त्याने फोन बदलला की किल्लीही बदलते. दरम्यान न पोचलेले, म्हणजे एकच खूण उमटलेले निरोप व्हॉट्सॲप नव्या किल्लीसाठी पुन्हा कुलूपबंद करून आपोआप पाठवत असे. पाठवणाऱ्याला हे कळे ते नंतर, आणि तेही त्याने सुरक्षेच्या सूचना चालू केल्या असतील तरच. दोन खुणा उमटलेल्या, पोचलेल्या निरोपांना यात धोका नव्हता. 'सिग्नल' हे ॲप तेव्हा अशा वेळी निरोप अडवून ठेवत असे. व्हॉट्सॲपने निरोप हरवू नयेत याला महत्त्व दिले. या निवडीवर वाद घालता येईल, पण तिला चोरदरवाजा म्हणता येणार नाही.

वृत्तातला तो शब्द पुढे बदलला गेला, तरी भीती पसरली होती. समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेकची यांनी खुले पत्र लिहून बातमी मागे घेण्याची मागणी केली. त्यावर सत्तरहून अधिक तज्ज्ञांच्या सह्या होत्या. घाबरलेले कार्यकर्ते आणि पत्रकार साध्या एसएमएसकडे वळत आहेत, असे त्यांनी नोंदवले. एसएमएस तर मोबाइल कंपनीला सरळ वाचता येतो. म्हणजे कुलूप कच्चे असल्याच्या बातमीने माणसे बिनकुलपाच्या घरात गेली.

जूनअखेरीस 'गार्डियन'चे वाचक-संपादक पॉल चॅडविक यांनी बातमी चुकल्याचे लिहिले. मजकूर दुरुस्त झाला; बातमी मात्र मागे घेतली गेली नाही. मधे पाच महिने गेले होते. जानेवारीत ॲप काढून टाकणाऱ्यापर्यंत जूनमधली दुरुस्ती पोचण्याची कोणतीच सोय नसते.

म्हणून असा मथळा दिसला की मी तीन प्रश्न विचारतो: धोका कोणत्या निरोपांना? तो घडवून आणायला काय काय जुळून यावे लागते? आणि हे सोडून दुसरीकडे गेल्यास तिथे कुलूप आहे का? उत्तरे बातमीत नसतील, तर ॲप काढण्याची घाई करू नये.