पूर्वजांची चरित्रे : नोंदीस आधार हवा

अलीकडे आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत संगणकावर वंशवृक्ष तयार करण्याची आवड वाढीस लागली आहे. घरातील तरुण मंडळी दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबांना प्रश्न विचारतात, नावे टिपून घेतात आणि आठ-दहा दिवसांत पाच-सहा पिढ्यांची मांडणी पडद्यावर उभी राहते. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र एखाद्या नावाची चौकट उघडली असता आत जो मजकूर दिसतो, तो बहुधा एकाच साच्यातला असतो : ‘धर्मपरायण, दानशूर, कष्टाळू व सचोटीचे व्यापारी.’ पाच पिढ्यांतील पाचही पुरुष असेच आणि त्यांच्या पत्नी ‘सुशील व प्रेमळ’. या मजकुरातील नावांची अदलाबदल केली तरी वाचणाऱ्यास फरक जाणवत नाही.

बँकेतील दीर्घ नोकरीत एक नियम माझ्या अंगवळणी पडला : व्हाउचरवाचून नोंद नाही. पूर्वजांच्या चरित्रासही हाच नियम लावावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. प्रत्येक विधानामागे कोणता कागद, कोणता लेख किंवा कोणाची साक्ष आहे, हे त्या विधानालगतच लिहावे. ज्यास आधार सापडत नाही, ते टाकून देऊ नये. बँकेत जसे उलगडा न झालेल्या रकमेसाठी सस्पेन्स खाते असते, तसे ‘घरात असे सांगितले जाते’ या शीर्षकाखाली ते वेगळे ठेवावे. पुढे पुरावा मिळाला की नोंद योग्य खात्यात वर्ग करता येते.

वहीत लिहिलेली चूक त्या घरच्या कपाटातच राहते. संगणकावरील चूक मात्र चुलत-मावस भावंडे आपापल्या वृक्षात उतरवून घेतात. काही वर्षांनी त्या नकलाच एकमेकींचा पुरावा म्हणून पुढे केल्या जातात आणि मूळ विधान कोणी, कशावरून केले, हे शोधणे अशक्य होते.

आधार कोठे शोधावा

आपण व्यापारी परंपरेतील माणसे. आपला पहिला आधार म्हणजे घरातील रोजकीर्द आणि खतावणी. लक्ष्मीपूजनाला पूजलेल्या, लाल कापडात बांधून माळ्यावर ठेवलेल्या चोपड्यांत लग्नाचा खर्च, यात्रेचा खर्च, घरभाडे, देणगी, औषध यांच्या नोंदी तिथीवार असतात. या नोंदी ज्या दिवशी घटना घडली, त्याच दिवशी लिहिलेल्या असल्याने त्यांचे मोल मोठे आहे.

दुसरा आधार जमिनीच्या कागदांचा. सातबारा आजचा धारक दाखवितो. परंतु जमीन कशी आली, कोणाकडून आली, वारस कोण होते, हे फेरफार नोंदींत सापडते. राज्य शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांतील जुने अभिलेख आता पाहता येतात. तहसील कचेरीत गाव नमुना चौदा, म्हणजे जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, मिळू शकते. यांतील पुष्कळ नोंदी मोडीत असल्याने जाणकाराची मदत घ्यावी.

तिसरा आधार शाळेच्या जनरल रजिस्टरचा. येथे थोडे सावध राहावे. महाराष्ट्रात जुन्या पिढीतील असंख्य व्यक्तींची जन्मतारीख १ जून अशी आढळते. मूल शाळेत घालताना वयाचा हिशेब जुळावा म्हणून गुरुजींनी ती लिहिलेली असे. त्यामुळे ‘शाळेच्या नोंदीनुसार १ जून’ असे लिहावे. तीच खरी जन्मतारीख असे गृहीत धरू नये.

चौथा आधार आपल्या मंदिरांचा. जीर्णोद्धाराचे फलक, हस्तलिखितांच्या शेवटची प्रशस्ती आणि प्रतिमांच्या पादपीठावरील लेख यांत दात्याचे नाव, गोत्र, गाव आणि संवत आढळते. पूरणचंद नाहर, अगरचंद नाहटा आणि भंवरलाल नाहटा यांनी असे शेकडो लेख संग्रहित करून ठेवले आहेत. परंतु लेख वाचताना विवेक हवा. संवत १५४८ मध्ये शाह जीवराज पापडीवाल यांनी मुडासा येथे प्रतिष्ठा करविलेल्या प्रतिमा देशभरातील दिगंबर मंदिरांत पोचल्या आहेत. आपल्या गावच्या मंदिरातील प्रतिमेवर त्यांचे नाव दिसले, म्हणून ते आपल्या गावचे ठरत नाहीत. लेख प्रतिष्ठेची साक्ष देतो, निवासाची नव्हे.

तिथी आणि लिपी

संवताचे इसवी सन काढताना ‘सत्तावन्न वजा करा’ एवढे पुरत नाही. मारवाडकडील पंचांगात विक्रम संवत चैत्रापासून मोजतात, गुजरातेत कार्तिकापासून. संवत १९५६ चा आषाढ पहिल्या गणनेने १८९९ मध्ये येतो, दुसऱ्या गणनेने १९०० मध्ये. शिवाय उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून आपली आश्विन अमावास्या तिकडे कार्तिक अमावास्या होते. चोपडी लिहिणारा कोणत्या रिवाजाचा होता, हे आधी ठरवावे आणि मूळ तिथी जशीच्या तशी उतरवून मगच कंसात इसवी सन द्यावे.

मारवाडी वह्यांची महाजनी लिपी काना-मात्रा गाळून लिहिली जाई. ‘काकाजी अजमेर गये’ हे ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले गेल्याची गोष्ट आपल्या घरोघर हसत सांगितली जाते. चरित्रकाराने मात्र ती गांभीर्याने घ्यावी. शंका असेल तेथे मूळ ओळीचे छायाचित्र जोडावे.

अप्रिय नोंदींचे काय?

खरी कसोटी येथे लागते. आमच्या घरी असे सांगितले जाई की, पणजोबा छप्पनियाच्या दुष्काळात, म्हणजे संवत १९५६ मध्ये, केवळ लोटा-दोरी घेऊन मारवाडातून नगर जिल्ह्यात आले. उपलब्ध असलेली त्यांची पहिली चोपडी त्या दुष्काळाच्या चार-पाच वर्षे आधीची आहे आणि तिच्यात आरंभीच भांडवल जमा आहे. ते भांडवल पणजीच्या दागिन्यांपोटी आलेले असून तिथे तिचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. वंशावळीत ‘अमुक यांच्या पत्नी’ एवढीच असलेली ही स्त्री त्या दुकानाची पहिली भांडवलदार होती. आपल्या घरांतील स्त्रियांची नावे शोधणाऱ्यांनी स्त्रीधनाची, माहेरच्या आहेराची आणि तपाच्या पारण्याच्या खर्चाची पाने अवश्य पाहावीत.

त्याच कागदांत दुसरीही नोंद आहे. गहाण ठेवलेली एका शेतकऱ्याची जमीन कर्ज न फिटल्याने पणजोबांच्या नावे झाली, असे फेरफार सांगतो. मंदिराच्या फलकावर त्यांच्या देणगीचा आकडा आहे, तोही तितकाच खरा आहे. कुटुंबातील एका ज्येष्ठांचे म्हणणे पडले की, फलक लिहावा आणि फेरफार गाळावा. नातवंडांना काय वाटेल? त्यांची भावना समजण्यासारखी आहे. तरीही मी दोन्ही नोंदी लिहिल्या.

याचे कारण असे की, हा व्यवहार एका घरापुरता नव्हता. १८६० च्या दशकात कापसाला चढा भाव आला आणि अमेरिकेतील यादवी संपताच तो कोसळला. त्यातच शेतसारा वाढला व तो रोखीने भरावा लागे. शेतकरी सावकाराच्या दारी गेला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला, तो नगर जिल्ह्यातही पसरला आणि मारवाडी व गुजर सावकारांकडील कर्जरोखे जाळण्यात आले. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. पणजोबा आले ते या घटनांनंतर, पण याच प्रदेशात आणि याच धंद्यात. ही पार्श्वभूमी दिल्याने त्यांचे समर्थन होत नाही आणि निंदाही होत नाही. ते आपल्या काळात उभे असलेले दिसतात. शिवाय तो फेरफार त्या शेतकऱ्याच्या वंशजांनाही पाहावयास मिळतो. आपण गाळल्याने तो नाहीसा होत नाही. केवळ आपल्या बाकीच्या मजकुरावरील विश्वास कमी होतो.

लिहिताना विशेषणे टाळावीत. ‘ते दानशूर होते’ याऐवजी ‘मंदिराच्या फलकावर त्यांच्या नावे अमुक रुपये नोंदलेले आहेत’ असे लिहावे. ‘त्यांनी जमीन बळकावली’ असेही लिहू नये. ‘गहाणाची जमीन त्यांच्या नावे झाल्याची नोंद अमुक क्रमांकाच्या फेरफारात आहे’ एवढेच लिहावे. कागद सांगतो तितके सांगून थांबावे. निर्णय वाचणाऱ्यावर सोपवावा. दुसऱ्या कुटुंबाचे नाव मात्र प्रसिद्ध करू नये.

हयात व्यक्तींच्या बाबतीत आणखी एक सूचना. जन्मतारीख आणि आईचे नाव या दोन गोष्टी विचारून बँका खातेदाराची ओळख पटवितात. त्या सर्वांस दिसतील अशा ठेवणे धोक्याचे आहे. हयात व्यक्तींचा तपशील खासगीच राहू द्यावा आणि त्यांच्याविषयी लिहिण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी.

आरंभ कोठून करावा, असे अनेक जण विचारतात. एकच पूर्वज निवडावा. त्याच्याविषयी घरात जे जे सांगितले जाते, त्याची यादी करावी आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘कशावरून?’ हा रकाना आखावा. पहिल्या दिवशी तो रकाना बहुतांशी रिकामाच राहील. तो भरण्यासाठी माळ्यावरील गाठोडे उतरवावे लागेल, मंदिराच्या पेढीवर जावे लागेल, तहसील कचेरीत अर्ज द्यावा लागेल आणि मुख्य म्हणजे घरातील वृद्धांजवळ बसून, त्यांचे नाव व दिनांक लिहून, त्यांचे कथन नोंदवावे लागेल. कागद अजून काही वर्षे वाट पाहतील. वृद्धांच्या स्मरणास तेवढा अवधी नाही. म्हणून प्रथम त्यांच्याकडेच जावे.