गोळीबरोबरची दोन वाक्यं

मिरजेतलं आमचं औषधाचं दुकान या वर्षी साखळी दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीनं घेतलं. मालक थकले होते, मुलं परदेशात. त्यांनी विकलं यात काही वावगं नाही. नवं दुकान प्रशस्त आहे, एसी आहे, बिलावर सूट मिळते. मला लागलं ते दुसरंच. पंधरा दिवसांत वरून सूचना आली की काउंटरवर बोलत बसायचं नाही. चिठ्ठी स्कॅन करायची, पिशवी द्यायची, पुढचा नंबर घ्यायचा. त्याच आठवड्यात मालगावच्या एक आजी स्ट्रिप घेऊन परत आल्या. मधुमेहाची ग्लिमेपिराइड एक मिलिग्रॅमची गोळी त्या कित्येक वर्षं घेतात. नव्या मुलानं दोन मिलिग्रॅमची दिली होती, कारण एकची संपली होती. "अर्धी करून घ्या" हे सांगायचं त्याच्या मनात होतं म्हणे, पण मागे रांग होती. आजींच्या सुनेला रंग वेगळा दिसला म्हणून त्या परत आल्या. मी महिनाअखेरीला काम सोडलं.

डी. फार्म. होऊन मी 1990 साली काउंटरमागे उभी राहिले. तेव्हापासून साखरेच्या गोळ्यांचं जे काही झालं, ते काउंटरच्या अलीकडून पाहिलं आहे. त्याचा हा मागोवा.

नव्वदच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गोळ्या मोजक्या होत्या. ग्लायबेनक्लामाइड सगळ्यात जास्त खपायची, मेटफॉर्मिन थोडी, क्लोरप्रोपामाइड जुन्या पेशंटांची. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोळीचं मूळ 1942 सालच्या फ्रान्समध्ये आहे. माँपेलिए इथं मार्सेल जानबों टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते आणि त्या रुग्णांची साखर घातक रीतीनं घसरू लागली. म्हणजे या जातीच्या गोळीची पहिली ओळख झाली तीच साखर घसरवणारी म्हणून. हे ज्याला माहीत आहे, तो ती गोळी कुणाच्या हातात गुपचूप ठेवणार नाही. नव्वदच्या दशकातल्या फेनफॉर्मिन या आणखी एका गोळीची गोष्ट मात्र मी विसरू शकत नाही. रक्तात लॅक्टिक ॲसिड साठून माणसं दगावतात म्हणून अमेरिकेनं ती 1977 साली बाजारातून काढली. आपल्याकडे बंदी आली 2003 मध्ये. मधली सव्वीस वर्षं कुणाच्या हिशेबात धरायची, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

खरं दशक पुढचं. 2006 ते 2016.

मिरजेला नुसत्या सांगली-कोल्हापूरचे पेशंट येत नाहीत. अथणी, विजापूर, बेळगावकडून माणसं सकाळच्या गाडीनं येतात, डॉक्टरांना दाखवतात, औषधं घेतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. कानडी बोलणाऱ्या बाईला मराठीत आणि खुणांनी समजावायचं, तेही तिची गाडी चुकायच्या आत. या दशकात मधुमेहाचे पेशंट डोळ्यांदेखत वाढले आणि त्यांच्याबरोबर जोडगोळ्या आल्या. आधी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र. मग त्यात पायोग्लिटाझोन. मग पायोग्लिटाझोनच्या जागी व्होग्लिबोज. एकाच नावापुढे एम, पीएम, एमव्ही, फोर्ट अशी अक्षरं लागली आणि प्रत्येक अक्षरानं गोळीतलं औषध बदलायचं. पेशंट अक्षर वाचत नाही, नाव वाचतो. खूपदा नावही नाही, रंग लक्षात ठेवतो. कंपन्यांचे एमआर आठवड्याला नवी जोडगोळी घेऊन यायचे, दहा बॉक्सवर एक फ्री अशी स्कीम द्यायचे आणि महिन्याभरात चिठ्ठ्यांवर तीच गोळी दिसायची.

"एकच गोळी, विसरायला नको" हे या जोडगोळ्यांचं समर्थन होतं, आणि त्यात तथ्यही आहे. दोन औषधांचा डोस स्थिर झालेल्या माणसाला ती सोयीची पडते. पण तीन औषधं एका गोळीत बांधली की त्यातलं एक काढता येत नाही. एक निवृत्त गुरुजी आमच्याकडे यायचे. त्यांच्या पायांना इतकी सूज आली की चप्पल घालवेना. पायोग्लिटाझोन शरीरात पाणी धरून ठेवतं, हृदय कमजोर असेल तर त्यानं दम लागतो, हे छापील माहितीपत्रकात असतं, पण कापून दिलेल्या स्ट्रिपबरोबर माहितीपत्रक जात नाही. डॉक्टरांनी पायोग्लिटाझोन बंद करून वेगळी गोळी लिहिली. गुरुजींनी नवी सुरू केली आणि घरातली जुनी तिहेरी गोळी संपेपर्यंत तीही घेतली, वाया कशाला घालवायची म्हणून. ग्लिमेपिराइड दुप्पट, मेटफॉर्मिन दुप्पट, आणि जे बंद करायचं तेही पोटात. त्यांना पहाटे घामानं चिंब, बरळत असलेल्या अवस्थेत दवाखान्यात आणलं. त्यांची चूक मी धरत नाही. जुनी गोळी फेकून द्या, हे तीन ठिकाणी तीन माणसांनी सांगायला हवं होतं आणि एकानंही सांगितलं नाही.

याच दशकात सरकारनं आम्हाला तीनदा गरागरा फिरवलं. नोव्हेंबर 2010 मध्ये रोसिग्लिटाझोनवर बंदी आली. ती योग्य होती. हृदयाच्या धोक्याचा प्रश्न 2007 मध्येच जगभर चर्चेत आला होता आणि आपण तीन वर्षं ती विकत राहिलो. जून 2013 मध्ये पायोग्लिटाझोनची विक्री स्थगित झाली. मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका हे त्याचं कारण. वर्तमानपत्रात बातमी आली त्या सकाळी दुकान उघडायच्या आधी माणसं उभी होती. कुणी त्या भीतीनं सगळ्याच गोळ्या बंद केल्या होत्या. कुणाला आपल्या गोळीत ते औषध आहे का, हेच माहीत नव्हतं, कारण ते तीन अक्षरांच्या आड लपलेलं होतं. दीड महिन्यानं, 31 जुलैला, स्थगिती उठली. गोळी परत आली, सोबत चौकटीत इशारा छापायची अट आणि पहिल्या पसंतीचं औषध म्हणून वापरू नये अशी सूचना. मधल्या काळात लोकांच्या साखरेचं काय झालं, याची चौकशी कुणी केली नाही. आम्ही काउंटरवरच्या लोकांनी मात्र त्या चढलेल्या साखरा पाहिल्या.

तिसरी खेप 10 मार्च 2016 ची. 344 जोडऔषधांवर बंदी. प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीनं ती अशास्त्रीय ठरवली होती. कंपन्या कोर्टात गेल्या, डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली आणि काढून ठेवलेले बॉक्स पुन्हा फळीवर आले. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पुन्हा तपासणी झाली, 2018 च्या सप्टेंबरमध्ये 328 औषधांवर पुन्हा बंदी आली. त्यात मधुमेहाच्या काही तिहेरी गोळ्याही होत्या. माझं म्हणणं सरळ आहे. बाजारात येण्याआधी जे तपासायचं, ते आपण लोकांच्या पोटात गेल्यावर तपासलं.

तरीही त्या दशकाची मला आठवण येते, कारण तेव्हा बोलायला वेळ होता आणि बोलणं हे कामाचा भाग मानलं जायचं. आमचे मालक फारसे शिकलेले नव्हते, पण साखरेची गोळी पहिल्यांदा नेणाऱ्या माणसाला ते बाकावर बसवायचे. ग्लिमेपिराइड असेल तर सकाळच्या पहिल्या खाण्याच्या थोडं आधी किंवा त्याबरोबर; खाणं होणार नसेल तर गोळी नाही, आणि असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, नाही तर पोट बिघडतं. एसआर लिहिलेली गोळी फोडायची, कुटायची नाही. तिचं रिकामं टरफल शौचात दिसलं तर घाबरू नका. एक डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. आणि स्ट्रिप कापताना ते नेहमी एक्स्पायरीची बाजू शिल्लक ठेवून कापायचे, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख राहते.

नवरात्राच्या आधीचे दिवस मला विशेष आठवतात. बायका यायच्या आणि विचारायच्या, "ताई, गोळीनं उपवास मोडतो का?" प्रश्न धर्माचा होता, मी उत्तर साखरेचं द्यायचे. ग्लिमेपिराइड घेऊन दिवसभर नुसतं पाणी आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, यात दुपारी साखर खाली जाते आणि रात्री वर जाते. दुपारी ती घसरली की घरच्यांना वाटतं, उपवासानं डोळा लागला आहे. म्हणून मी प्रत्येकीला लक्षणं पाठ करून घ्यायला लावायचे: थरथर, घाम, धडधड, अचानक चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची, मग काहीतरी खायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. व्होग्लिबोजच्या जोडगोळीवर असलेल्यांना मी घरात ग्लुकोजचा डबा ठेवायलाच सांगायचे. व्होग्लिबोज साखरेचं विघटन रोखतं, त्यामुळे साखरपाण्याचा उपयोग उशिरा होतो. ही एक गोष्ट किती घरांना माहीत आहे? पेशंटला गोळी लिहिताना आणि विकताना ती सांगितलीच पाहिजे.

त्याच काळात राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी चिठ्ठी, बिल आणि हजर फार्मासिस्ट या तीन गोष्टींचा आग्रह धरला. दुकानदार त्यांच्यावर चिडले. आमच्या धंद्यातले कितीतरी लोक भाड्यानं लायसन्स लावून बसले होते, हे खरं आहे आणि ते कबूल करायला आमच्या संघटना तयार नव्हत्या. मी तेव्हाही झगडे यांच्या बाजूची होते. 2015 च्या जानेवारीत फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आल्या आणि औषधाबद्दल पेशंटशी बोलणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून कागदावर आलं. मला वाटलं, आता दिवस बदलतील.

ते बदलले, पण उलट्या दिशेनं. नंतरची वर्षं मी पटकन सांगते. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा 2018 च्या ऑगस्टमध्ये निघाला आणि मसुदाच राहिला. विक्री मात्र दारोदार पोचली. करोनात घरपोच औषधांना परवानगी मिळाली, ती गरजेची होती. पण जुलाब-उलट्या होत असताना मेटफॉर्मिन चालू ठेवायची की नाही, हे पिशवी आणणारा मुलगा सांगू शकत नव्हता.

आणि आता मार्च 2025 नंतरची लाट. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि साठ रुपयांच्या आसपास असलेली गोळी दहाच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही कमी दरात मिळू लागली. हृदय आणि मूत्रपिंडासाठी चांगली गोळी गरिबाला परवडू लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती साखर लघवीवाटे बाहेर काढते. तिला पाणी जास्त लागतं, जननेंद्रियांची स्वच्छता लागते, बुरशीची खाज आली तर लाज न बाळगता सांगावं लागतं. उलट्या, ताप, कडक उपवास असेल तेव्हा ती थांबवण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं लागतं. ऑपरेशनच्या आधी साधारण तीन दिवस ती बंद करतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिच्यावर असताना साखर फार चढलेली नसतानाही रक्तात कीटोॲसिड साठू शकतं. मीटर चांगला आकडा दाखवतो आणि माणूस मळमळ, पोटदुखी, धाप घेऊन आतून ढासळत असतो. तोंडानं घ्यायची सेमाग्लुटाइडची गोळी तर उपाशीपोटी, अर्ध्या कपाहून जास्त पाणी न पिता घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पाणी पितात, वर चहा. तशी घेतली तर महागडी गोळी फुकट जाते. गोळ्या जितक्या चांगल्या येत आहेत, तितकं त्यांच्याबरोबर सांगायचं वाढत आहे, आणि नेमकं तेच आपण काउंटरवरून काढून टाकत आहोत.

कंपनीवाल्यांचं म्हणणं, हे सगळं ॲपवर लिहिलेलं असतं. मालगावच्या आजींना वाचता येत नाही.

दुकानात गेलात तर घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या, जुन्या आणि नव्या, आयुर्वेदिक पावडरसुद्धा. फार्मासिस्ट कोण ते विचारा. त्याचं नाव दुकानात लावणं बंधनकारक आहे. एकच औषध दोन नावांनी आहे का, कोणती गोळी खाण्याआधी, कोणती बरोबर, उलट्या झाल्या तर कोणती थांबवण्याबद्दल डॉक्टरांना फोन करायचा, हे विचारा. गोळीचा रंग किंवा नावापुढचं अक्षर बदललं असेल तर घेण्याआधी विचारा. मागे रांग असली तरी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.